हरकती, सूचना आणि लोकसंमती

महाराष्ट्रातील एखाद्या गावच्या स्त्रियांना गावातले दारूचे दुकान नकोसे झाले, तर शासनानेच केलेल्या नियमांनी त्यांच्या हाती एक साधन दिले आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते, मतदानाचा दिवस ठरतो, गुप्त मतदान होते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला टाळे लागते. उभी बाटली आणि आडवी बाटली ही दोन चिन्हे आता खेड्यापाड्यांतील निरक्षर म्हातारीलाही ठाऊक झाली आहेत. या मतदानात अडचणी पुष्कळ आहेत. दुकानदाराचे पैसे आहेत, धाकदपटशा आहे, अधिकाऱ्यांची चालढकल आहे. तरीही गावाच्या जीवनाला स्पर्श करणाऱ्या एका प्रश्नावर गावाला विचारले पाहिजे, हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे.

त्याच गावाची ग्रामपंचायतच बंद करून ते शेजारच्या महापालिकेत घालावयाचे असेल, तर मात्र कोणी कोणाला मत विचारीत नाही. राजपत्रात एक प्रारूप अधिसूचना निघते. तीत गावाचे नाव आणि नव्या हद्दीची चतुःसीमा दिलेली असते. ज्यांना काही म्हणावयाचे असेल त्यांनी तीस दिवसांच्या आत ते लेखी कळवावे, असे शेवटी नमूद असते. मग अर्ज गोळा होतात, एखाद्या दुपारी सुनावणी होते, अहवाल मंत्रालयात जातो आणि यथावकाश अंतिम अधिसूचना प्रसिद्ध होते. कोणती हरकत कोणत्या कारणाने फेटाळली गेली, हे अर्जदाराला सहसा कळत नाही. एके सकाळी महापालिकेचा अधिकारी ग्रामपंचायतीच्या कचेरीत येऊन दप्तर आणि शिक्के ताब्यात घेतो, आणि सरपंच, सदस्य व ग्रामसभा ही तिन्ही एकाच क्षणी इतिहासजमा होतात.

या सर्व उपचाराला शासकीय भाषेत 'हरकती व सूचना मागविणे' असे म्हणतात. हरकत हा शब्द येथे फार बोलका आहे. हरकत ती घेते, ज्याने निर्णय केलेला नाही ती व्यक्ती; आणि ती घेतली जाते आधीच झालेल्या निर्णयाला. नागरिकाची भूमिका संमती देणाऱ्याची नसून अडथळा आणणाऱ्याची आहे, हे या एका शब्दाने गृहीत धरले आहे. अडथळा दूर करणे हे मग प्रशासनाचे कर्तव्यच होऊन बसते.

या पद्धतीने काय साधते, हे पाहावयाचे असेल तर वसईकडे पाहावे. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार शेजारी नगरपरिषदा व त्यांच्या भोवतालची ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. चार नगरपरिषदा एकत्र येण्याला प्रशासकीय अर्थ होता. लोहमार्गालगतची ही गावे एकमेकांत मिसळून गेली होती. एकाच्या हद्दीतील सांडपाणी दुसऱ्याच्या हद्दीत जात होते, आणि पाण्याचा प्रश्न चौघांचा एकच होता. पण पश्चिमेकडच्या हिरव्या पट्ट्यातील आणि पूर्वेकडच्या पाड्यांतील माणसांची स्थिती वेगळी होती. केळी, फुले, भाजीपाला आणि पानवेली यांवर जगणारा बागायतदार, किनाऱ्यावरचा कोळी, पाड्यावरचा आदिवासी या सर्वांना महापालिका या शब्दात नळाचे पाणी दिसण्याआधी इमारती दिसल्या. ही भीती पोकळ नव्हती. १९९० च्या सुमारास वसईची हिरवी जमीन बांधकामाला खुली होऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले होते. विहिरी खाऱ्या होणे, बावखले बुजविली जाणे, ओढ्यांच्या वाटा अडणे हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेले होते. २०१८ च्या जुलैमध्ये वसई कित्येक दिवस पाण्याखाली राहिली, तेव्हा त्या जुन्या भीतीला दुर्दैवाने पुरावाही मिळाला.

गावे महापालिकेत घेण्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. सभा झाल्या, मोर्चे निघाले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत वसईतून विवेक पंडित निवडून आले, आणि त्या प्रचारात गावांचा प्रश्न केंद्रस्थानी होता. अखेर ३१ मे २०११ रोजी शासनाने २९ गावे महापालिकेतून वगळण्याची अधिसूचना काढली. ती न्यायालयात गेली आणि अडकली. पुढे सरकारे बदलली आणि ज्यांनी गावांना शब्द दिले होते ते पक्ष आलटून पालटून सत्तेवर आले, पण २९ गावे ना धड आत, ना धड बाहेर, अशीच राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने २०११ ची अधिसूचनाच मागे घेतली आणि गावे महापालिकेतच ठेवण्याचे ठरविले. म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षे हा प्रश्न रस्त्यावर, विधानसभेत, मंत्रालयात आणि उच्च न्यायालयात फिरला. मतपेटीत तेवढा तो गेला नाही. २००९ मध्येच त्या ५३ गावांत एका रविवारी मतदान घेतले असते, तर निकाल काहीही लागो, संध्याकाळपर्यंत तो लागला असता.

पुण्याची कथा आणखी लांब आहे. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत ३८ गावे घेण्यात आली. विरोध वाढला, तेव्हा २००१ मध्ये त्यांपैकी १५ गावे संपूर्णपणे आणि ५ गावे अंशतः बाहेर काढण्यात आली. २०१४ मध्ये ३४ गावे घेण्याची प्रारूप अधिसूचना निघाली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांतील ११ घेतली गेली आणि उरलेली २३ गावे ३० जून २०२१ रोजी आली. बाहेर काढलेल्या गावांपैकी अनेक अशा रीतीने पुन्हा आत आली. आणि २०१७ मध्ये आत आलेली फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन गावे सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. मालमत्ता कराचा बोजा असह्य झाला, ही त्या गावांची तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. मात्र पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्या जागेत पडत आला आणि ज्याविरुद्ध तेथील ग्रामस्थांनी आंदोलने केली, त्या कचरा डेपोचे क्षेत्र तेवढे महापालिकेच्या हद्दीत ठेवण्यात आले. गाव गेले तरी चालेल, कचऱ्याची जागा जाता कामा नये, इतका स्पष्ट नगरविचार महाराष्ट्रात क्वचितच पाहावयास मिळतो.

समावेश झाल्यावर गावाच्या वाट्याला काय येते, याचा हिशेब कोणी मांडून दाखवीत नाही. २०१७ मधील ११ गावांना पुण्याच्या सभागृहात प्रतिनिधित्व मिळाले ते दोन नगरसेवकांचे. बाकीच्या शहराला १६२ होते. ज्या गावांत काल प्रत्येकी दहापंधरा पंचायत सदस्य होते, ज्यांच्या दारात जाऊन विजेच्या दिव्याबद्दल भांडता येत होते, त्या सर्वांसाठी मिळून दोन माणसे. २३ गावांचा प्रकार तर याहून विचित्र. ती महापालिकेत येऊन महिना होण्याच्या आत, जुलै २०२१ मध्ये, त्यांच्या नियोजनाचे अधिकार शासनाने पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिले. बांधकामाला परवानगी एकाने द्यावयाची, तिचे शुल्क त्यानेच घ्यावयाचे, आणि उभ्या राहिलेल्या इमारतींना पाणी दुसऱ्याने पुरवावयाचे. पाणी न मिळाल्यास रहिवाशाने टँकर कोणाकडे मागावा, हे मात्र कोणत्याही अधिसूचनेत सापडत नाही. त्यातच मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथे निवडून आलेले सभागृहच नव्हते. गावांनी पंचायत गमावली होती आणि बदल्यात जी महापालिका मिळावयाची तीही प्रशासकाच्या खुर्चीत आक्रसून गेली होती.

या संदर्भात कायद्यातील एक शब्द तपासण्यासारखा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे हद्द बदलण्यापूर्वी शासनाने महापालिकेशी विचारविनिमय करावयाचा असतो. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांच्या प्रकरणी या शब्दाचे महत्त्व दिसून आले. १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा ही गावे तीत होती. २००२ मध्ये ती वगळली गेली. २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ पुन्हा वगळून वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. कायद्याला अपेक्षित असलेला विचारविनिमय महापालिकेशी झाला नव्हता, हे त्यामागील प्रमुख कारण होते. निकाल योग्यच म्हणावा लागेल. पण त्यातून कायद्याचे वैगुण्यही उघड झाले. विचारविनिमय घेणाऱ्याशी करावयाचा, घेतल्या जाणाऱ्याशी नाही. महापालिकेचे मत विचारले नाही म्हणून निर्णय रद्द होऊ शकतो; गावाचे मत विचारले नाही म्हणून तो रद्द होईल, अशी तरतूद नाही. आणि महापालिकेवर प्रशासक असेल, तर तोही विचारविनिमय म्हणजे शासनाने आपणच नेमलेल्या अधिकाऱ्याला प्रश्न विचारून आपलेच उत्तर ऐकणे एवढाच उरतो. वसईची २०२४ ची अधिसूचना आणि फुरसुंगी-उरुळीची अधिसूचना ही दोन्ही अशाच प्रशासकीय काळातील आहेत.

गावाची बाजू घेणे म्हणजे गावाची भलावण करणे नव्हे. समाजवादी चळवळीने खेड्याकडे भाबडेपणाने पाहू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ग्रामव्यवस्थेवर जी कठोर टीका केली, ती आजही पुष्कळ गावांच्या वेशीवर लागू पडते. पंचायत टिकावी म्हणून जो सर्वांत मोठ्याने बोलतो, तो बहुधा जमीनवाला असतो. त्याच्या शेताला लागून असलेल्या वस्तीतील भूमिहीनाला महापालिकेचा दवाखाना, शहर बस आणि जातीची ओळख विरघळविणारी गर्दी हवीशी वाटू शकते. महापालिका नको म्हणणाऱ्यांत, पंचायतीच्या परवानगीने चार मजल्यांच्या जागी सात मजले चढविणारे बिल्डरही असतात, आणि हवी म्हणणाऱ्यांत वाढीव चटईक्षेत्रावर डोळा ठेवणारे त्यांचेच भाऊबंद. दोन्ही बाजूंना झेंडे धरावयास माणसे मिळतात.

एकत्रीकरण नेहमीच घातक असते असेही नाही. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी यांची मिळून एक नगरपालिका झाली, तेव्हा कारखान्यांचा कर एका सामाईक तिजोरीत आला आणि त्यातून रस्ते व पाणी झाले. उलट कोल्हापूरचे पाहावे. १९७२ मध्ये महापालिका झाली, त्यानंतर पाच दशके त्या शहराची हद्द वाढू शकली नाही. भोवतालची गावे विरोध करीत राहिली; शेवटी २०१७ मध्ये ४२ गावांसाठी एक वेगळे प्राधिकरण काढून वेळ मारून नेण्यात आली. शहराची बस वापरावी, शहराच्या रुग्णालयात यावे, शहराच्या बाजारात माल विकावा, आणि कराची गोष्ट निघाली की वेशीचा दगड दाखवावा, हे काही सहकाराचे लक्षण नाही. कोल्हापूरच्या नागरिकाचीही एक बाजू आहे आणि ती ऐकली गेली पाहिजे.

मात्र या गुंत्यामुळे लोकांना न विचारण्याला आधार मिळत नाही. विचारण्याची पद्धत काळजीपूर्वक आखली पाहिजे एवढेच त्यातून सिद्ध होते. केवळ ग्रामसभेचा ठराव पुरेसा मानण्याची सूचना अनेक जण करतात. ग्रामसभा हे थोर साधन आहे, पण हात वर करून होणाऱ्या मतदानात पाटलासमोर कोणाचा हात वर होतो आणि कोणाचा होत नाही, हे गावात राहणाऱ्याला सांगावयास नको. गणपूर्ती न झाल्याने तहकूब झालेल्या सभेत चारदोन माणसांनी केलेल्या ठरावाला गावाचे मत म्हणणे ही फसवणूकच. म्हणून येथे गुप्त मतदानच हवे. आडव्या बाटलीला नवऱ्याच्या नकळत मत देता येते, यातच त्या पद्धतीचे सारे बळ आहे.

असे मतदान व्यवहार्य नाही, असे सांगणाऱ्यांनी महाराष्ट्राचा आणि गोव्याचा इतिहास चाळावा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांना विचारण्यात आले की महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावयाचे. फूल हे विलीनीकरणाचे चिन्ह होते आणि दोन पाने हे विरोधाचे. विलीनीकरणवादी मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने मतदानाआधी राजीनामा दिला, म्हणजे सत्तेचे वजन तराजूत पडू नये. १,७२,१९१ मते विरोधात आणि १,३८,१७० मते बाजूने पडली. महाराष्ट्रातील अनेकांना तो निकाल लागला, पण तो सर्वांनी मानला. आणि मौज अशी, की मार्चमध्ये झालेल्या निवडणुकीत त्याच बांदोडकरांना लोकांनी पुन्हा सत्तेवर बसविले. राज्य कोणी चालवावे हा एक प्रश्न आणि राज्य कोठे असावे हा दुसरा, हा विवेक सामान्य मतदाराने दाखविला. एका प्रदेशाच्या विलीनीकरणाला जे शक्य झाले, ते धायरीला किंवा वाघोलीला का अशक्य असावे?

दुसरे उदाहरण रायगडचे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या लढ्यामुळे शासनाला २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण परिसरातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. शेतकऱ्यांनी प्रचंड बहुमताने जमिनी देण्यास नकार दिला आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. मतदान घेतले ते जिल्हा प्रशासनाने. यंत्रणा, कर्मचारी, मतपत्रिका सारे शासनाचेच होते. तेव्हा प्रश्न व्यवहार्यतेचा नाही, इच्छेचा आहे.

मत विचारावयाचे तर माहितीही द्यावी लागेल. आज गावाला सांगितले जाते ते एवढेच की विकास होईल. घरपट्टी पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या दरापर्यंत चढेल, हे सांगितले जात नाही. ग्रामीण रोजगार हमीचा हक्क महापालिका क्षेत्रात राहणार नाही, हे पाड्यावरच्या मजुराला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. गायरानाचे काय होणार, पाणी कोणत्या वर्षी येणार, नगरसेवक किती मिळणार आणि निवडणूक केव्हा होणार, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे महापालिकेने मतदानाआधी द्यावीत आणि ती चावडीवर लावावीत. शहराच्या नागरिकांनाही सांगावे की त्यांच्या वाट्याच्या पाण्यातून नव्या गावांना किती जाणार आहे. आणि गावाने नकार दिला, तर त्या नकाराचीही किंमत आधीच ठरलेली असावी: शहराच्या बससाठी, रुग्णालयासाठी, कचऱ्यासाठी गावाचा वाटा किती, आणि शहराचा कचरा स्वीकारल्याबद्दल गावाला देणे किती. शेजाऱ्यांनी एका घरात राहिलेच पाहिजे असे नाही. सामाईक भिंतीचा खर्च मात्र दोघांनी उचलला पाहिजे. महानगर नियोजन समितीची तरतूद राज्यघटनेत ७४ व्या दुरुस्तीने याचसाठी आली आणि तिचे दोन-तृतीयांश सदस्य लोकनियुक्त संस्थांनी निवडावयाचे असतात. महाराष्ट्रात कारभार चालतो तो मात्र मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणांचा.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तीत गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र हे चारही खांब आपापल्या पायांवर उभे होते. वरच्या खांबाने वाटेल तेव्हा खालचा खांब उपटावा, असे त्या रचनेत नव्हते. गावाचे शहर होणे हे काळाच्या ओघात घडणारच. महाराष्ट्रातील निम्मी लोकसंख्या आज नागरी भागात राहते. पण ग्रामसभेच्या जागी शहरात काय आहे? ग्रामसभेत कोणतीही बाई उठून सरपंचाला जमाखर्च विचारू शकते, आणि तत्पूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी असाही नियम आहे. महापालिकेच्या सभागृहात तिला प्रेक्षकांच्या सज्जात बसता येते, तेही परवानगीचा कागद मिळाला तर. शहरांसाठी क्षेत्रसभांची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ मध्ये झाली आणि ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. गाव घेताना त्याची सभा काढून घ्यावयाची आणि बदल्यात जी द्यावयाची ती कधी भरवावयाचीच नाही, हा व्यवहार कोणत्याही बाजारात लबाडीचा ठरला असता.

यासाठी कायद्यात करावयाचा बदल फार मोठा नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या आणि नगरपरिषद अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात, हद्दीत घेतल्या जाणाऱ्या किंवा हद्दीतून वगळल्या जाणाऱ्या प्रत्येक गावात गुप्त मतदान झाल्याखेरीज अंतिम अधिसूचना काढता येणार नाही, एवढे एक पोटकलम घालावे लागेल. संबंधित महापालिकेवर प्रशासक असताना हद्द बदलता येणार नाही, हे दुसरे. समावेशानंतर सहा महिन्यांत निवडणूक आणि त्याआधी क्षेत्रसभा, हे तिसरे. सत्ताधारी पक्ष असे विधेयक आणतील ही अपेक्षा नाही. पण अशासकीय विधेयक मांडण्याचा हक्क प्रत्येक आमदाराला आहे, आणि हद्दवाढीच्या मोर्च्यांच्या व्यासपीठावर जाऊन गावकऱ्यांच्या हातात हात घालून छायाचित्रे काढून घेणारे आमदार या राज्यात थोडेथोडके नाहीत. त्यांच्यापैकी कोण पुढच्या अधिवेशनात ते मांडतो, हे वसईच्या २९ गावांनी आणि कल्याणच्या २७ गावांनी नावानिशी विचारावे.